मेट्रनबाई आणि शनिवारचे हात

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. आमच्या चर्चच्या शनिवारच्या सभेत पाळकसाहेब म्हणायचे, "सगळ्यांनी डोळे मिटा, कुणीही इकडेतिकडे बघू नका," तेव्हा मी बघत असायचो. ते कामच मला दिलेलं होतं. ज्यांना आपलं जीवन प्रभूला द्यायचंय त्यांनी हात वर करावा, असं आवाहन व्हायचं, कीबोर्ड हळूहळू वाजत राहायचा, आणि मी मागच्या भिंतीला टेकून खिशातल्या खिशात बोटांच्या पेरांवर ते हात मोजायचो.

मला वाटायचं, पाळकसाहेब सोडले तर त्या हॉलमध्ये डोळे उघडे असलेलं आणखी एकच माणूस आहे. मेट्रनबाई. शेवटून दुसरी रांग, भिंतीकडची खुर्ची. मान खाली आणि किंचित मागे वळलेली, हात जोडलेले, आणि चष्म्याच्या वरून एक डोळा किलकिला. आमची नजर पहिल्यांदा भिडली तेव्हा माझी पेरं खिशातच थिजली. बाई मात्र जराही गडबडल्या नाहीत. सभा सुटल्यावर जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"किती झाले?"

मी आकडा सांगितला. जरा अभिमानानेच.

"बरं. घरी जाऊन आलास?"

"कुणाच्या, बाई?"

"ज्यांचे हात मोजलेस त्यांच्या."

"घरी जाऊन आलास?" हा बाईंचा कायमचा प्रश्न. कुणी म्हणालं अमका आजारी आहे, तमक्याचं बिनसलंय, फलाण्याने मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सोडली, की बाई चष्मा पुसत एवढंच विचारायच्या. समोरचा "नाही, पण ऐकलं..." असं काही सुरू करायचा. बाईंनी तोपर्यंत छत्री उचललेली असायची.

मेट्रन हे त्यांचं नाव नव्हे, पण आमच्या मंडळीत नाव विचारायची हिंमत कुणी केली नाही. देशावरच्या एका मिशन हॉस्पिटलात, साध्या नर्सपासून मुख्य नर्सपर्यंत, त्यांची सारी नोकरी झाली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर खांदा कॉलनीत तळमजल्यावरचा लहानसा फ्लॅट घेतला आणि आमच्या मंडळीत दाखल झाल्या. खळ केलेली सुती साडी, केसांत एकही पिन जागा सोडून नाही. हात मिळवला की दोन बोटं आपोआप तुमच्या मनगटावर सरकायची. एकदा पाळकसाहेब घसा ताणून उपदेश करून खाली उतरले. बाईंनी त्यांना सलाम केला, हात धरला आणि सोडेचनात. "पाळकसाहेब, नाडी फार पळतेय. बसा. पाणी प्या. लोक कुठे जात नाहीत."

लोक कुठे जात नाहीत, हे त्या सहज म्हणाल्या. पण तेव्हा लोक जातच होते, आणि पाळकसाहेबांना सगळ्यात जास्त तेच बोचत होतं.

आमच्या लोकांत एक जुनी रीत आहे. रविवारच्या उपासनेला नवा चेहरा दिसला की पुढचा रविवार यायच्या आत कुणीतरी त्यांच्या घरी जायचं. फोन करून नाही, तसंच. बसायचं, घरचा चहा घ्यायचा, त्यांना हवं असेल तर प्रार्थना करायची आणि निघायचं. आम्ही जालन्याहून पनवेलला आलो तेव्हा आमच्याकडे बाई आल्या होत्या. खोलीभर खोकी. बसायला जागा नाही म्हणून त्या एका खोक्यावरच बसल्या आणि बायकोला म्हणाल्या, "तुमच्या घरचा चहा प्यायला आले होते, पण गॅस अजून लागला नसेल. म्हणून चहा माझा आणलाय. कप मात्र तुमचे हवेत." पिशवीतून थर्मास निघाला. बायको खोकी उचकून कप शोधत राहिली, आणि तेवढ्या वेळात बाईंनी आमच्या लेकीच्या कपाळावर हात ठेवून तिला ताप असल्याचं शोधून काढलं. आम्हा दोघांना पत्ता नव्हता. परक्या गावात आपलं कुणीतरी आहे असं मला वाटलं ते त्या संध्याकाळी. आमच्या मंडळीचं नाव तोवर मला नीट पाठही नव्हतं.

पुढे मी मंडळीचा सेक्रेटरी झालो. बाईही कमिटीत होत्या. त्या मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय सेक्रेटरी?"

आता त्या शनिवारांकडे येतो.

आमची उपासना नवीन पनवेलात हार्डवेअरच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये. रविवारी सकाळी तीच ती पंचवीस-तीस डोकी, त्यातली निम्मी पिकलेली. तरुण पोरं कॉलेजला लागली की यायची बंद व्हायची. माझी स्वतःची लेक बंद झाली होती. रविवारी सकाळी तिच्या खोलीचं दार बंद, आत पंखा चालू, आणि मी बाहेर बूट घालत मुद्दाम मोठ्याने खोकायचो. ती उठायची नाही. घरातलं बोलणंही जेवलीस का, येतेस का, एवढ्यावर आलं होतं.

अशात नवे पाळकसाहेब आले. तरुण, चटपटीत, मनाने वाईट मुळीच नव्हेत. त्यांनी शनिवारी संध्याकाळी तरुणांची सभा सुरू केली. ड्रम आले, गिटार आली, निळे-जांभळे दिवे आले. आणि पोरं आली. कामोठ्याहून, खारघरहून, कळंबोलीहून. खुर्च्या कमी पडायला लागल्या. आणि एका शनिवारी मी वळून पाहतो तर माझी लेक स्टेजवर माईक धरून गातेय. मला ते बघवेना. म्हणजे इतकं बरं वाटलं की बघवेना.

दोन-तीन महिन्यांत पाळकसाहेबांनी तो शब्द उच्चारला. संजीवन. पनवेलात संजीवन आलंय.

मला आता त्या शब्दाचा वैताग येतो, आणि तो वैताग लपवायचाही कंटाळा आलाय. शब्द चांगला आहे, मरगळलेल्यात जीव येणं. पण आमच्याकडे दर थोड्या वर्षांनी कुणीतरी उठतो आणि ते आलं असं जाहीर करतो. मागच्या वेळचं कुठे गेलं ते कुणी विचारत नाही. त्या काळात तर मोबाईलवर रोज काहीतरी यायचं. परदेशातल्या कुठल्याशा कॉलेजात पोरं प्रार्थना थांबवायलाच तयार नाहीत. कुठल्याशा देशात तरुण पिढी पुन्हा चर्चकडे वळलीय. मी ते सगळं ग्रुपवर पुढे ढकलायचो. एकदा बाईंनाही दाखवलं.

"कुणी मोजलं?" बाईंनी विचारलं.

"सर्व्हे झालाय, बाई. हजारो लोकांना विचारलंय."

"काय विचारलं?"

"चर्चला जाता का म्हणून."

"आणि ते हो म्हणाले." बाईंनी चष्मा काढला. "सेक्रेटरी, मी जन्मभर पेशंटला विचारलंय, गोळी घेतलीत का? सगळे हो म्हणतात. एकजात सगळे. मग मी उशीखाली हात घालायचे."

मला हसू आलं, पण रागही आला. म्हटलं, "बाई, देव काही करू शकतो यावर विश्वास नाही का तुमचा?"

बाई रागावल्या नाहीत. "आहे ना. एकदा पाहिलंय मी संजीवन. बायकांच्या वॉर्डात. दोन सख्ख्या जावा, जमिनीवरून वर्षानुवर्षं अबोला. नशिबाने शेजारशेजारच्या खाटांवर आल्या. एका दुपारी आया सापडेना, तर एकीने उठून दुसरीचं बेडपॅन उचललं. स्वतःच्या पोटाला टाके असताना. त्या दिवशी कुणी हात वर केला नव्हता बघ."

बाईंना दिवे खटकत नव्हते, ड्रमही नाही. गाणी त्यांना आवडायची, पायाने ताल धरायच्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की याला शनिवारची छान सभा म्हणा, आणि या पोरांच्या घरी जा. पण आता घरी जाण्याची रीत सुटली होती. पाळकसाहेब म्हणायचे, "बाई, सगळ्यांना ग्रुपमध्ये ॲड केलंय."

"ग्रुप चहा देतो का?" बाई विचारायच्या. सगळे हसायचे. विनोद म्हणून सोडून द्यायचे.

पहिला धक्का मला दिला तो आमच्या जागामालकाने. गावठाणातला माणूस, आता दोन बिल्डिंगांचा मालक, खाली खुर्ची टाकून बसलेला असतो. एका शनिवारी मला म्हणाला, "सेक्रेटरी, पोरा बेस गातात हो तुमची. पन एक इचारू?"

"विचारा ना."

"माज्या मेव्हन्याचा हॉल हाय कामोठ्याला. रयवारी सांजचा तो पन तुमच्यासारख्याच लोकांना देतो. तिथं पन हीच पोरा. गाड्या त्याच, गिटारवाला पन तोच. त्यो मेव्हना मना सांगतो, आमच्याकडं लय नवे लोक आले. आनि तुमी पन तेच सांगता. मंग नवे कंचे?"

मी म्हटलं, "काही येत असतील दोन्हीकडे."

"आमी गाड्या वळखतो, तुमी देव वळखा," तो म्हणाला. "मना काय, पार्किंगशी मतलब."

हे मी बाईंना सांगायला नको होतं. सांगितलं. त्यांनी छत्री उचलली. "स्कूटर आहे ना तुझी? चल."

तुम्ही कधी सत्तरीपुढच्या मेट्रनला मागे बसवून एक्स्प्रेसवेच्या बाजूने स्कूटर चालवली आहे का? बाई एका बाजूने बसायच्या, एका हाताने माझा खांदा, दुसऱ्या हातात छत्री भाल्यासारखी. ट्रकवाले आपणहून वाट द्यायचे.

पहिल्यांदा गेलो कोनला. नव्या टॉवरमध्ये तीन मुलं फ्लॅट घेऊन राहत होती. दारात आम्हाला बघून त्यातला एक कावराबावरा झाला, चादरीवरचे कपडे पायाने पलंगाखाली ढकलायला लागला. बाईंनी सरळ विचारलं, "बाळ, शनिवारी तू हात वर केलास. फार बरं वाटलं. काय वाटलं तुला त्या वेळी?"

मुलगा लाजला. "आंटी, खरं सांगू? मी पंखा लावा म्हणून हात वर केला होता. लय उकडत होतं. तेवढ्यात सर माईकवर म्हणाले, मागे एक हात दिसतोय, हालेलुया. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हटलं राहू दे."

"आणि पुढच्या शनिवारी?"

"पुढच्या शनिवारी पंखा चालू होता. पण केला. नसता केला तर वाईट दिसलं असतं."

बाई इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. त्या मुलाने पाणी आणलं, मग चहा टाकला, दूध फाटलं, दुसऱ्या पोराला दुधाला पिटाळलं. आम्ही तासभर बसलो. परतताना बाई माझ्या कानाशी ओरडल्या, "चांगला मुलगा आहे! जात जा त्याच्याकडे!" मी गेलो नाही.

दुसरं घर नवीन पनवेलातल्या एका केरळी कुटुंबाचं. मुलगी आमच्या स्टेजवर माझ्या लेकीच्या शेजारी गायची, आणि शेवटी हातही वर करायची. आईने केळ्याचे वेफर्स पुढे ठेवले आणि म्हणाली, "हमारा तो अपना चर्च है ना, संडे को. दादा के टाइम से. सैटरडे को ये म्यूज़िक के लिए आती है, पढ़ाई के बाद थोड़ा चेंज." मुलगी म्हणाली, "अंकल, सब लोग ऐसे ही घूमते हैं. आज इधर, कल उधर." तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि नव्हतंच. आम्ही मात्र तिला हरवलेली आणि सापडलेली म्हणून मोजलं होतं.

तिसऱ्या ठिकाणी जाताना मी आतून हसत होतो. आता काय ऐकायला मिळणार, अशी उत्सुकता होती. बाईंच्याच कॉलनीतली एक कॉट-बेसिसची खोली. तिशीतला माणूस, वऱ्हाडाकडचा. गोदामातली नोकरी सुटलेली. खोलीतले बाकीचे कामावर गेलेले, हा भिंतीकडे तोंड करून झोपलेला. आम्हाला बघून उठून बसला.

बाई म्हणाल्या, "तुम्ही हात वर करता. पुष्कळदा पाहिलंय मी."

"हो."

"का करता?"

त्याने आधी पायाशी पडलेली चादर घडी केली. मग म्हणाला, "ते म्हणतात ना, हात वर करा, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू. मला वाटलं, मग कुणीतरी येऊन विचारेल, काय झालं म्हणून. पहिल्यांदा कुणी आलं नाही. मला वाटलं दिसला नसेल हात. म्हणून मग दर वेळी करत गेलो."

"कुणी आलं?"

"तुम्ही आलात," तो म्हणाला.

बाईंनी त्याचा हात धरला. या वेळी बोटं नाडीवर सरकली नाहीत, नुसता हात धरला. मी खाली बघत होतो. त्या माणसाचा हात मला दिसला होता. पहिल्या खेपेपासून दिसला होता. दर शनिवारी मी त्याला नवा म्हणून मोजला होता.

त्यानंतर तो रोज दुपारी बाईंकडे जेवायचा. जेवताना बोलायला लागला. काही आठवड्यांनी बाईंनीच त्याच्या भावाला फोन लावून दिला, आणि तो गावी परतला. मला हे बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. सेक्रेटरीला कळायचा दुसरा मार्ग नव्हता.

वर्षाच्या शेवटी सगळ्या मंडळ्यांचं एकत्र संमेलन व्हायचं होतं. तिथे पाळकसाहेब आमच्या पनवेलची साक्ष देणार होते. शेकडो जिवांनी निर्णय घेतला, तरुण पिढी परतली, संजीवन उतरलं. त्याआधी आमची कमिटी बसली. मी तो आकडा मोठ्याने सांगितला. माझाच आकडा, माझ्या पेरांवरचा.

बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, एवढं नका सांगू. तीच मुलं आहेत. आपली, शेजारच्यांची, त्यांच्या शेजारच्यांची. आणि दर शनिवारी तेच हात. उद्या कुणी चौकशीला आलं की हे शेकडो नवे कुठले, तर खरं सांगाल तर लाज वाटेल आणि खोटं सांगाल तर अंगाशी येईल."

कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "बाई, तुम्हाला काम वाढलेलं बघवत नाही का?"

"मी घरी जाऊन आलेय," बाई म्हणाल्या. "आणि एकटी नव्हते. सेक्रेटरी माझ्याबरोबर होता. त्याला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. पाळकसाहेब प्रेमाने म्हणाले, "बोला ना, तुम्ही होता का?"

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला नेमकं आठवतं. निळा दिवा, माईक, आणि माझी लेक. मी हो म्हटलं असतं तर ते शनिवार बंद पडले असते असंही नाही. पण मला तसं वाटलं. वाटलं, रविवारी सकाळी पुन्हा ते बंद दार.

मी म्हणालो, "मी स्कूटरपाशी थांबलो होतो. बाई एकट्याच आत गेल्या."

आमच्या लोकांना अशा वाक्याची गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते, मी त्याला ओळखत नाही म्हणून प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याची. पुढे आरवलेल्या कोंबड्याचं मी सांगायला नको.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे. एखाद्या धडधाकट दिसणाऱ्या पेशंटचा रिपोर्ट हातात आल्यावर बघतात तसं. मग पाळकसाहेब उठले आणि म्हणाले की आपण बाईंसाठी प्रार्थना करू, संशयाचा भार त्यांच्या मनावरून उतरावा म्हणून. सगळ्यांनी बाईंच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवले. मीही ठेवला. त्या ताठ बसल्या होत्या. खळ केलेल्या पदराखाली खांद्याचं हाड लागत होतं.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मला सोड घरी." फाटकाशी उतरल्यावर त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"मला खोटं पाडलंस, त्याचं काही नाही, माझं वय झालंय," त्या म्हणाल्या. "पण त्या माणसाने इतक्या वेळा हात वर केला आणि आपण त्याला मोजत बसलो, हे लोकांना कळायला हवं. नाहीतर असे आणखी येतील, आणि आपण मोजतच राहू. मी सांगून कुणी ऐकणार नाही. तू सांगितलंस तर ऐकतील. रविवारी सूचना वाचायला उभा राहतोस ना, तेव्हा सांग. कधीही सांग. मी असताना सांगितलंस तर बरं."

मी "हो बाई" म्हटलं.

संमेलनात आमच्या साक्षीला टाळ्या पडल्या. पुढच्या निवडणुकीत बाईंना कुणी कमिटीत घेतलं नाही. त्यांनी शनिवारी येणं सोडलं, रविवारचं नाही. आणि मग सुरू झालं ते मला अजून सहन होत नाही. उपासनेच्या शेवटी मी सूचना वाचायला उभा राहिलो की बाई मान वर करायच्या. चष्मा नीट करायच्या. वाट बघायच्या. मी वाचायचो, कापणीच्या सणाला सर्वांनी आपापल्या परीने अर्पण आणावे. महिला मंडळाची सभा अमुक घरी. खुर्च्या उचलायला तरुणांनी थांबावे. आणि बसायचो. बाई हळूच चष्मा काढून पर्समध्ये ठेवायच्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. एकदाही त्यांनी मला जिन्यात अडवलं नाही. अडवलं असतं, चारचौघांत झापलं असतं, तर मी कदाचित बोललो असतो. मला त्यांचाच राग यायला लागला होता. कशाला बघतात अशा? कशाला अजून विश्वास ठेवतात?

पुढे खारघरला कुठल्याशा मोठ्या हॉलमध्ये मोठी सभा सुरू झाली, मोठे दिवे, मोठे ड्रम. आमची पोरं तिकडे गेली. भांडून नाही, सहज, जशी आली होती तशी. पाळकसाहेबांना दुसरीकडून बोलावणं आलं. त्यांच्या निरोपाच्या दिवशी ते माझा हात धरून रडले. "संजीवन कुठे गेलं हो?" असं त्यांनी खरोखर विचारलं. मला त्यांचा राग आला नाही. घरांच्या बाबतीत त्यांचे डोळे मिटलेलेच होते. उघडे माझे होते.

शनिवारी हॉल रिकामा राहू लागला. लेक घरीच असायची. एका संध्याकाळी ती भाजी निवडायला आईशेजारी बसली होती, मी पेपर वाचत होतो. मी धीर करून विचारलं, "तू दर वेळी हात वर करायचीस. स्टेजवरून. ते खरं होतं ना ग?"

ती मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही मागे उभं राहून मोजायचात ना. मला दिसायचं. माझा हात वर गेला की तुमचा चेहरा कसा व्हायचा... म्हणून करायचे."

तिने हे दुष्टपणे सांगितलं नाही. उलट त्या दिवसापासून आमचं बोलणं थोडं सुरू झालं. कधी भांडण, कधी नुसता चहा. हल्ली ती आपणहून विचारते, तुमचं काय चाललंय. देवाचं काय, हे मी विचारत नाही. सांगेल तेव्हा सांगेल.

आता तरी बोलायला हवं होतं. सभा संपल्या होत्या, पाळकसाहेब गेले होते, लेकीचं कारण उरलं नव्हतं. पण मी नवं कारण शोधलं. म्हटलं, आता कशाला, जुनं झालं, लोक विसरले. मी विसरलो नव्हतो, आणि बाईही नाहीत. त्या येत राहिल्या, चष्मा नीट करत राहिल्या.

मग त्यांचे गुडघे गेले. भाची येऊन त्यांना मिरजेला घेऊन गेली. मी सामान टेम्पोत चढवायला मदत केली. सगळं चढल्यावर त्यांनी माझा हात धरला, आणि दोन बोटं मनगटावर गेली. गाडी सुरू झाली तेव्हा काच खाली करून म्हणाल्या, "येतोस का कधी?" मी म्हटलं, "येतो ना, बाई." मिरज काही परदेशात नाही. मी गेलो नाही.

त्या तिथेच गेल्या. भाचीचा फोन आला तेव्हा दफन झालेलं होतं. पुढच्या रविवारी मी सूचना वाचायला उभा राहिलो आणि त्यांच्याबद्दल बोललो. सेवाभावी, शिस्तप्रिय, प्रेमळ. पुष्कळ बोललो. लोकांनी डोळे पुसले. नवे पाळकसाहेब मला म्हणाले, फार सुंदर बोललात.

हे सगळं आज इथे लिहिलंय, पण इथे लिहून ते फिटत नाही. आमच्या मंडळीतलं कुणी हे वाचणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर लिहिता आलं.

त्या हॉलमध्ये, रविवारी, लोकांसमोर उभं राहून मी एवढं सांगायचं देणं लागतो: बाई खरं बोलत होत्या, मी तिन्ही घरांत त्यांच्याबरोबर आत बसलो होतो, आणि एका माणसाचा हात दर शनिवारी पाहूनही मी त्याच्याकडे गेलो नाही. हे मी अजून सांगितलेलं नाही.